साडेचारचे छर्रे

पॅरिसला २०२४ मध्ये कोल्हापूरकडच्या स्वप्नील कुसाळेनं रायफलमध्ये ब्राँझ जिंकलं आणि आमच्या बाबांना पुन्हा हुरूप आला. जुनी एअर रायफल घेऊन ते साताऱ्याहून माझ्याकडे सांगलीला आले. फौजेत आयुष्य गेलेला माणूस! रेंजवर घेऊन गेलो. बोटं थरथरतात, म्हणून छर्रे मीच भरत होतो. अगदी अलगद आत जात होते...

दहा मीटरवरचा कागद कोराच राहिला. काही छर्रे तर मध्येच जमिनीवर. घरी येताना बाबा एवढंच म्हणाले, "डोळे गेले रे माझे."

आठवड्यानं डबी नीट पाहिली. ४.५ मि.मी. आणि रायफल ५.५ची! स्पर्धेत साडेचारचा लागतो, म्हणून मी तोच मागून आणलेला. कडेनं हवा निसटली की छऱ्याला जोर मिळत नाही. शिवाय पिस्टन आत आदळून रायफलही बिघडते. उलट असतं, तर मोठा छर्रा बारीक नळीत शिरलाच नसता आणि चूक तिथंच कळली असती.

लगेच फोन केला. बाबा बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "म्हणजे डोळे शाबूत आहेत तर!"

माझ्यामुळे आठवडाभर ते स्वतःला निकामी समजत होते. असो. रविवारी साडेपाचची डबी घेऊन साताऱ्याला जातोय.