सोन्याच्या अक्षराची जागा
मध्ययुगीन स्तोत्रसंहिता आणि पाठाची परंपरा

बायबलच्या जुन्या करारातील दीडशे स्तोत्रांचा संग्रह मराठी बायबलमध्ये ‘स्तोत्रसंहिता’ या नावाने ओळखला जातो आणि त्यातील पुष्कळ स्तोत्रे परंपरेने दावीद राजाच्या नावावर आहेत. छपाईपूर्वीच्या युरोपात हा संग्रह उपासनेसाठी स्वतंत्र ग्रंथ म्हणून लिहून घेतला जाई आणि अशा ग्रंथाला ‘सॉल्टर’ म्हणत. हा शब्द ‘सॉल्टेरिऑन’ या ग्रीक तंतुवाद्याच्या नावापासून आलेला असल्याने, हा ग्रंथ मुळात कानासाठी आणि कंठासाठी आहे, याची आठवण त्याच्या नावातच राहिलेली आहे. आठव्या ते पंधराव्या शतकांत सोने, निळा आणि लाल रंग यांनी सजवलेल्या ज्या स्तोत्रसंहिता तयार झाल्या, त्या आज मात्र जगभर केवळ चित्रांसाठी पाहिल्या जातात. त्यांतील बहुतेक सजावट ही चित्रकलेची हौस नसून पाठ करणाऱ्यासाठी घातलेली खूण होती, हे दाखवणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

संपादकांनी या अंकासाठी ‘युरोपातील धार्मिक लघुचित्रे’ या विषयावर लेख मागितला होता आणि गैरसमजाची सुरुवात नेमकी या शब्दापासून होते. इंग्रजीतील ‘मिनिएचर’ या शब्दाचे मराठीत ‘लघुचित्र’ असे भाषांतर रूढ झाले आहे. परंतु त्या शब्दाचा मूळ संबंध आकाराशी नाही. लॅटिनमध्ये ‘मिनियम’ म्हणजे शिशापासून केलेला लाल रंग, म्हणजेच आपला शेंदूर, आणि शेंदराने अक्षरे किंवा शीर्षके रंगवण्याच्या कामावरून ‘मिनिएचर’ हा शब्द निघाला. लहान आकाराचा अर्थ त्याला पुढे उच्चारसाम्यामुळे चिकटला. नाशिक जिल्ह्यातील बागलाणात ज्या शेंदराने मारुतीची मूर्ती माखली जाते, त्याच द्रव्याने युरोपातील लेखनिक पवित्र ग्रंथातील आरंभाची जागा दाखवत असत. ‘लघुचित्र’ या शब्दाने ही आरंभाची खूण पुसली जाते आणि वाचकाची नजर पहिल्या पावलालाच चुकीच्या दिशेने वळते.

दुसरा शब्द ‘इल्युमिनेटेड’. त्याचा शब्दशः अर्थ उजळलेले, आणि काटेकोरपणे बोलायचे तर ज्या हस्तलिखितात सोने किंवा चांदी वापरली आहे त्यालाच तो लागू पडतो. असा ग्रंथ वासराच्या किंवा मेंढीच्या कातड्यावर लिहिला जाई. कातडे चुन्याच्या पाण्यात भिजवून, केस काढून, चौकटीवर ताणून आणि खरवडून त्याची पाने करत, आणि एका मोठ्या ग्रंथासाठी कित्येक जनावरांची कातडी लागत. लेखनाची काळी शाई माजूफळ आणि हिराकस यांपासून बनत असे. सोने लावायच्या जागी प्रथम खडूसारखी पांढरी पूड आणि सरस यांचा लेप देऊन थोडा उंचवटा केला जाई, त्यावर सोन्याचा वर्ख बसवला जाई आणि अकीकाने किंवा कुत्र्याच्या सुळ्याने तो चमक येईपर्यंत घोटला जाई. उंचवट्यामुळे मेणबत्तीचा हलता उजेड त्या अक्षरावर पडताच ते पानातून वर आल्यासारखे दिसे. सर्वांत मौल्यवान निळा रंग अफगाणिस्तानातील बदख्शानच्या खाणींतील लाजवर्द दगडापासून मिळे. पंधराव्या शतकात पश्चिम भारतातील जैन कल्पसूत्राच्या पोथ्यांमध्ये जी गर्द निळी भूमी दिसते, तीही लाजवर्दाचीच आहे. पर्युषणात वाचले जाणारे कल्पसूत्र आणि युरोपातील मठात म्हटली जाणारी स्तोत्रसंहिता यांचा एकमेकांशी परिचय नव्हता. तरीही वाचनासाठी लिहिलेल्या पवित्र ग्रंथावर जे उत्तम ते खर्चावे, ही भावना दोन्हींकडे सारखीच होती.

आता मुख्य मुद्दा. स्तोत्रसंहिता मठांत आणि मोठ्या चर्चांत पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत एकदा वाचून ठेवून दिली जात नसे. तिचे पारायण दर आठवड्याला पूर्ण होई. सहाव्या शतकातील संत बेनेडिक्ट यांच्या नियमावलीत दीडशे स्तोत्रे सात दिवसांत म्हटलीच पाहिजेत असा दंडक आहे, मात्र त्यांनी लावलेला क्रम पुढे दिलेल्या रोमन क्रमाहून वेगळा होता. मठांबाहेरच्या चर्चांत चाललेल्या रोमन पद्धतीत पहिली १०८ स्तोत्रे मुख्यतः मॅटिन्स या रात्रीच्या किंवा पहाटेच्या उपासनेत आणि १०९ पासून पुढची मुख्यतः व्हेस्पर्स या सायंउपासनेत येत. या पद्धतीत मॅटिन्सचा आरंभ रविवारी १, सोमवारी २६, मंगळवारी ३८, बुधवारी ५२, गुरुवारी ६८, शुक्रवारी ८० आणि शनिवारी ९७ या स्तोत्राने होई, तर १०९ वे स्तोत्र रविवारच्या व्हेस्पर्सचे पहिले. मध्ययुगीन स्तोत्रसंहिता उघडली असता बहुधा याच आठ ठिकाणी पानाचा मोठा भाग व्यापणारी, सोन्याने मढवलेली आद्याक्षरे आढळतात. काही ग्रंथांत त्यांच्या जोडीला ५१ आणि १०१ येथेही मोठे अक्षर असते, कारण दीडशेचे पन्नास-पन्नास असे तीन भाग करण्याची आणखी जुनी पद्धत होती.

मराठी वाचकाला ही रचना समजावण्यासाठी परदेशी उदाहरणाची गरज नाही. गुरुचरित्राच्या सप्ताहात एका प्रचलित क्रमानुसार पहिल्या दिवशी ९, दुसऱ्या दिवशी २१, तिसऱ्या दिवशी २९, चौथ्या दिवशी ३५, पाचव्या दिवशी ३८ आणि सहाव्या दिवशी ४३ या अध्यायापर्यंत वाचन होते व सातव्या दिवशी समाप्ती होते. एखाद्या भाविकाने पोथी लिहून घेताना १०, २२, ३०, ३६, ३९ आणि ४४ या अध्यायांची पहिली अक्षरे सोन्याने काढवून घेतली, तर त्या अक्षरांकडे नुसती नक्षी म्हणून कोणी पाहणार नाही. आज येथून वाचायचे, हे घरातल्या लहान मुलालाही कळेल. सटाणा परिसरातील गावोगावच्या सप्ताहांत बसलेल्या माणसाला जी गोष्ट सहज उमगते, ती चित्रकलेच्या इतिहासावरील जाडजूड ग्रंथांत पुष्कळदा तळटीपेत ढकललेली असते, याची या विषयात वर्षे घालवलेल्या अभ्यासकाला खंत वाटल्याशिवाय राहत नाही.

येथे एका तांत्रिक भेदाकडे वळणे भाग आहे, कारण तो न सांगितल्यास वर दिलेले सर्व आकडे मराठी बायबलशी ताडून पाहणाऱ्याला चुकीचे वाटतील. मध्ययुगीन पश्चिम युरोपात लॅटिन बायबल वापरात होते आणि त्यातील स्तोत्रांचे अनुक्रमांक ग्रीक भाषांतराला अनुसरणारे होते, तर आजचे मराठी बायबल हिब्रू क्रमांक पाळते. हिब्रूतील ९ आणि १० ही दोन स्तोत्रे ग्रीकमध्ये एकच मानली असल्याने तेथून पुढे ग्रीक-लॅटिन आकडा एकाने मागे पडतो. हिब्रूतील ११४ आणि ११५ पुन्हा एकत्र येतात, लगेच ११६ चे दोन भाग होतात, आणि शेवटी १४७ चेही दोन भाग झाल्यामुळे १४८ पासून दोन्ही क्रम पुन्हा जुळतात. म्हणून मराठी स्तोत्रसंहितेत सोन्याच्या अक्षराच्या जागा शोधायच्या असतील तर १, २७, ३९, ५३, ६९, ८१, ९८ आणि ११० ही स्तोत्रे उघडावीत. चित्राखाली हिब्रू आकडा छापून शेजारी लॅटिन पद्धतीचे विवेचन करणारी पुस्तके आजही निघतात. ही किरकोळ बाब म्हणून सोडून देता येत नाही, कारण आकडा चुकला की वार चुकतो आणि वार चुकला की ते चित्र त्या पानावर का आहे याचा उलगडाच होत नाही.

आद्याक्षरांच्या पोटात काढलेली चित्रेही याच क्रमाशी बांधलेली असतात. पहिल्या स्तोत्राच्या ‘बेआतुस’ या आरंभीच्या लॅटिन शब्दातील ‘बी’ अक्षरात दावीद तंतुवाद्य वाजवताना दिसतो. २६ व्या स्तोत्रात प्रभूला प्रकाश म्हटले असल्याने तेथे दावीद डोळ्यांकडे बोट दाखवतो, ३८ व्यात जिभेवर संयम ठेवण्याचा निश्चय असल्याने तो तोंडाकडे बोट दाखवतो, ५२ व्यात ईश्वर नाकारणारा मूर्ख हातात सोटा घेऊन उभा असतो, ६८ व्यात दावीद गळ्याइतक्या पाण्यात बुडताना हाक मारतो, ८० व्यात तो घंटा वाजवतो आणि ९७ व्यात धर्मगुरू ग्रंथासमोर उभे राहून गाताना दिसतात. अंधाऱ्या गाभाऱ्यात पाने उलटणाऱ्याला आकडा वाचावा लागत नसे. पाण्यातला दावीद दिसला की गुरुवार लागला, हे तो जाणत असे.

प्रत्येक ग्रंथ या नियमात बसतो, असा दावा करणे मात्र प्रामाणिकपणाचे होणार नाही. नवव्या शतकात फ्रान्समधील रीम्सजवळ तयार झालेल्या उट्रेख्त स्तोत्रसंहितेत सोन्याची झळाळी जवळजवळ नाही. तिच्यातील १६६ रेखाचित्रे स्तोत्रांतील शब्दन्‌शब्द दृश्य करून दाखवतात. बाराव्या शतकातील सेंट ऑल्बन्स स्तोत्रसंहितेत चाळीस पूर्णपृष्ठ चित्रे आहेत आणि प्रत्येक स्तोत्राला चित्रमय आद्याक्षर आहे, त्यामुळे तेथे वारांच्या खुणेपेक्षा एकांतातील चिंतनाचा हेतू अधिक असावा. अपवाद असे ठळक असले, तरी आपल्या आठ खुणा घेऊन उभ्या असलेल्या अनेक साध्या, कमी प्रसिद्ध ग्रंथांची साक्ष त्यांच्यामुळे रद्द ठरत नाही.

सर्वाधिक अन्याय झाला आहे तो लट्रेल स्तोत्रसंहितेवर. इंग्लंडमधील लिंकनशायर परगण्यातील सर जेफ्री लट्रेल यांच्यासाठी १३२५ ते १३४० च्या सुमारास तयार झालेला हा ग्रंथ १९२९ मध्ये ब्रिटिश म्युझियमने ३१,५०० पौंडांना घेतला आणि आज तो ब्रिटिश लायब्ररीत आहे. त्याच्या समासात नांगरणी, पेरणी, कापणी आणि मळणीची चित्रे आहेत. कुळवणाच्या चित्रात घोडा दंताळे ओढतो आहे आणि मागचा माणूस गोफणीने पाखरे हाकतो आहे. कांद्या-बाजरीच्या रानात पाखरे राखलेल्या बागलाणातील शेतकऱ्याला हे चित्र स्पष्टीकरणाशिवाय कळेल. इतिहासाच्या पुस्तकांत मात्र ही चित्रे कापून ‘मध्ययुगीन शेती’ या मथळ्याखाली छापली जातात आणि त्यांच्या वर लिहिलेले स्तोत्र वगळले जाते. जमीनदाराच्या घरात प्रार्थना चालू असताना त्याच पानाच्या कडेला कुणबी घाम गाळत होता, हा त्या पानाचा पूर्ण अर्थ, आणि तो अर्ध्या चित्रातून कधीच हाती लागत नाही.

स्तोत्रसंहितेच्या आरंभी बहुधा एक पंचांग असे, ज्यात संतांचे सणवार लिहिलेले असत आणि महत्त्वाचे दिवस लाल शाईने दाखवलेले असत. ग्रंथ कोणत्या प्रदेशात वापरला गेला, हे त्या यादीतील स्थानिक संतांवरून ठरवता येते. इंग्लंडचा राजा आठव्या हेन्रीने १५३८ मध्ये संत थॉमस बेकेट यांचे नाव ग्रंथांतून काढण्याचा हुकूम दिल्यानंतर अनेक इंग्लिश पंचांगांतून ते खरवडले गेले, आणि तो ग्रंथ त्या काळीही वापरात होता याचा पुरावा ती खरवडलेली जागाच देते. हस्तलिखितांच्या अभ्यासक कॅथरीन रूडी यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात डेन्सिटोमीटर या उपकरणाने प्रार्थनाग्रंथांच्या पानांवरील मळ मोजून कोणती प्रार्थना किती वेळा उघडली गेली याचा अंदाज बांधला. जो मळ पूर्वीचे संग्राहक दोष समजून धुऊन टाकत, तोच उपासनेचा लेखाजोखा निघाला.

ही परंपरा मराठी भूमीवर आली ती सोन्यावाचून, परंतु पाठाची शिस्त घेऊन. जुन्या गोव्यात १६०६ मध्ये स्थापन झालेल्या सांता मोनिका मठात ऑगस्टिनियन जोगिणी लॅटिन स्तोत्रे सामुदायिकरीत्या गात. १५६८ च्या रोमन ब्रेव्हिअरीत, म्हणजे दैनिक उपासनेच्या छापील ग्रंथात, वर सांगितलेली आठवड्याची वाटणी कायम होती आणि ती १९११ पर्यंत टिकली. या मठातील शेवटची जोगीण १८८५ मध्ये वारली. आता तेथे ख्रिस्ती कलेचे संग्रहालय आहे. नाशिकजवळच्या शरणपूर या मिशनच्या वसाहतीत एकोणिसाव्या शतकात अँग्लिकन प्रार्थनाग्रंथ आला, ज्यात दीडशे स्तोत्रे आठवड्याऐवजी महिन्याच्या तीस दिवसांवर, सकाळ-संध्याकाळ अशी वाटलेली होती. गुलामगिरीतून सोडवलेली आफ्रिकी मुले शरणपूरच्या आश्रमात शिकत. त्यांपैकी जेकब वेनराइट याने १८७३ मध्ये आफ्रिकेच्या अंतर्भागात मिशनरी व शोधप्रवासी डेव्हिड लिव्हिंगस्टन यांचे हृदय पुरताना अंत्यविधीची प्रार्थना वाचली. अँग्लिकन अंत्यविधीत हिब्रू क्रमाने ३९ आणि ९० या स्तोत्रांची योजना आहे, आणि ३९ वे म्हणजेच लॅटिन ३८ वे, मंगळवारच्या सोन्याच्या अक्षराचे स्तोत्र. पुढे पंडिता रमाबाईंनी संपूर्ण बायबल मूळ भाषांतून मराठीत आणले आणि ते केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये छापले जाऊन त्यांच्या मृत्यूनंतर १९२४ मध्ये पूर्णरूपाने प्रसिद्ध झाले. तेव्हा स्तोत्रसंहिता सोने, कातडे आणि लॅटिन या तिन्हींपासून मोकळी होऊन साध्या कागदावर पोहोचली होती.

युरोपात अनेक स्तोत्रसंहितांची पाने सुटी करून विकली गेली. जॉन रस्किन यांच्यासारख्या सौंदर्यमीमांसकानेही आपल्या संग्रहातील मध्ययुगीन ग्रंथ कापले. कल्पसूत्राचीही सुटी पाने जगभरच्या संग्रहालयांत चौकटीत टांगलेली आहेत. चौकटीतले अक्षर चमकते खरे, पण त्याच्या आधी कोणते पान होते आणि नंतर कोणते, हे हरवल्याने ती कशाची खूण होती हे सांगता येत नाही. संगणकावर आता संपूर्ण ग्रंथ पाहता येतात ही समाधानाची गोष्ट आहे; तरीही ज्याने ही स्तोत्रे रात्री उठून, थंडीत, वर्षानुवर्षे कधी म्हटली नाहीत, त्या अभ्यासकाला त्या अक्षराचे प्रयोजन किती कळले असेल, ही शंका विद्वत्तेने दूर होत नाही.

म्हणून या लेखाचा शेवट एका विनंतीने करणे उचित ठरेल. सटाण्यात आणि आसपासच्या गावांत जीर्ण झालेल्या पोथ्या आरम नदीत विसर्जित करण्याची प्रथा आहे. विसर्जनापूर्वी त्या एकदा उघडून पाहाव्यात. कोठे दिवस संपल्याची पेन्सिलीची रेघ असेल, कोठे तेलाचा डाग, कोठे कुंकवाचे बोट, कोठे आजीने दुमडलेला कोपरा. कोणत्या अध्यायाशी कोणती खूण आहे, एवढे तरी कागदावर टिपून ठेवावे किंवा पानांची छायाचित्रे घ्यावीत. सोने लावण्याची ऐपत नसलेल्या घरांनी आपापल्या पारायणाच्या जागा याच खुणांनी दाखवलेल्या आहेत.