हिवाळा, खुराडे आणि अंड्यांचा पैसा

नांदगाव हे मनमाड आणि चाळीसगावच्या मधले रेल्वेचे गाव. उन्हाळ्यात येथे अंगाची लाही होते आणि डिसेंबर-जानेवारीत उत्तरेचे वारे हाडात शिरते. आपल्याच जिल्ह्यातील निफाडचा पारा काही वर्षी ५ अंशांच्याही खाली उतरतो. माणूस गोधडी ओढून घेतो. परसातल्या कोंबडीने काय करावे?

आमच्या वस्तीत पुष्कळ घरी पाच-दहा कोंबड्या आहेत. घरधन्याची मजुरी किराणा आणि उधारीत जाते. अंड्यांचा पैसा मात्र बाईच्या हातात राहतो. मुलांच्या वह्या, एस.टी.चे भाडे, औषधाची बाटली त्यातूनच निघते. म्हणून थंडीत कोंबडी दगावली, तर घरातील बाईचा आधार तुटतो.

थंडी पडली की खुराड्याच्या सगळ्या फटी गोणपाटाने बुजवायच्या, अशी आपल्याकडे रीत आहे. ती सोडली पाहिजे. कोंबडीच्या अंगावर पिसांची गोधडी असतेच. कोरडी असेल, तर ती आपल्याकडची थंडी सोसते. तिला खरा त्रास होतो ओलीचा आणि अंगावर येणाऱ्या झोताचा. बंद खुराड्यात श्वासाची वाफ कोंडते, पत्र्याला पाणी सुटून थेंब अंगावर पडतात, विष्ठेतून अमोनियाचा उग्र वास सुटतो. मग डोळे येतात, सर्दी होते. म्हणून नियम एकच: खाली बंद, वर उघडे.

आम्ही दहा कोंबड्यांसाठी पाच फूट लांब, चार फूट रुंद खुराडे बांधले. दगड-मातीचा दीड फूट ओटा केला. उत्तरेची भिंत पूर्ण बंद ठेवली. दार दक्षिणेला, म्हणजे दिवसभर ऊन आत येते. छपराखाली चार बोटे फट ठेवून तिला बारीक जाळी ठोकली. वाफ तेथून निघते आणि मुंगूस, बोका बाहेर राहतो. पत्र्यावर बाजरीचे सरमड पसरून दोरीने बांधले. आत बसायला जाडसर लाकडी दांड्या त्या फटीच्या खाली लावल्या. कोंबडी दांडीवर बसली की पिसांनी पाय झाकून घेते. जमिनीवर तीन बोटे कोरडा भुसा किंवा भुईमुगाची टरफले पसरावीत, दोन दिवसांनी खालीवर करावीत, ओली झालेली काढून टाकावीत. ते खत भाजीच्या वाफ्याला उत्तम.

संध्याकाळी मूठभर मका किंवा बाजरी द्यावी. पोट भरलेली कोंबडी रात्रभर ऊब धरते. सकाळी पाणी कोमट द्यावे. हिवाळ्यात अंडी कमी होतात, त्याचे कारण थंडीपेक्षा लहान दिवस हे अधिक. अंड्यावरच्या कोंबडीला १४ ते १६ तास उजेड लागतो, आणि आपल्याकडे डिसेंबरचा दिवस ११ तासांचा. यात दृष्ट लागणे वगैरे काही नाही.

पिल्लांची गोष्ट वेगळी. त्यांना पिसे नसतात. पहिल्या आठवड्यात ३५ अंशांच्या आसपास ऊब लागते, पुढे दर आठवड्याला तीनेक अंश कमी करावी. बल्ब लावला तर तो भुशापासून दूर, पक्का टांगावा. आगीचा धोका असतो. मानमोडीची (राणीखेत) लस पहिल्याच आठवड्यात द्यावी. सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात चौकशी करावी. अंगारा-धुपाऱ्याने मानमोडी जात नाही.

याच तालुक्यातील मनमाडला फेब्रुवारी १९३८ मध्ये दलित रेल्वे कामगारांची परिषद भरली होती. बाबासाहेबांनी तेथे ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू सांगितले. त्यातून आम्ही घेतो तो अर्थ साधा आहे: कष्टकऱ्याचे घर कोणाच्या मेहेरबानीवर चालू नये. दहा कोंबड्यांनी गरिबी हटत नाही, हे आम्हाला कळते. परंतु वहीसाठी दुकानदारापुढे हात पसरावा लागत नाही, हेही थोडे नाही.

आणि ज्या जिवाचे अंडे आपली लेकरे खातात, त्या जिवाने रात्र कुडकुडत काढू नये, ही करुणाही आपल्या धम्माचीच शिकवण. तेव्हा भगिनींनो, दिवाळीच्या सुट्टीत मुले घरी असतील, तेव्हाच खुराडे बांधायला घ्या. मुलांच्या हाती पट्टी आणि हातोडी द्या. जयभीम!