काट्यावरच्या स्विचची साक्ष

गाळप हंगामात साखर कारखान्याचा वजनकाटा रात्रंदिवस चालतो. कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका कारखान्यात मी नेटवर्क सांभाळत होतो, तेव्हा काट्याच्या केबिनमधलं नेटवर्क मध्यरात्री अधूनमधून जायचं. पाचेक मिनिटांत आपोआप परतायचं. पण तेवढ्या वेळात वजनं हाताने लिहावी लागत, आणि उसाच्या गावात हाताने लिहिलेल्या वजनाचा अर्थ एकच : काटा मारला. शिव्या खायचे काट्यावरचे मामा. वर ऑफिसातही संशय त्यांच्यावरच. "साहेब, मी वायरीला हात बी लावला न्हाई," एवढंच ते म्हणत. मला ते पटायचं, पण दाखवायला काही नव्हतं. स्विच नोंदी स्वतःच्या मेमरीत ठेवतो; तो बंद पडला की त्या पुसल्या जातात.

म्हणून सगळ्या स्विचच्या नोंदी ऑफिसातल्या एका जुन्या लिनक्स मशीनवर आणायचं ठरवलं. त्यासाठी सिसलॉग आहेच. एरिक ऑलमन यांनी १९८० च्या दशकात सेंडमेल या ईमेल-प्रणालीसाठी लिहिलेली ही नोंदी पाठवण्याची सोय आज जवळजवळ प्रत्येक स्विच-राउटरमध्ये असते. स्विचवर 'लॉगिंग होस्ट' आणि पुढे सर्व्हरचा पत्ता, एवढी एक ओळ. नोंदींची पातळी ० ते ७ पैकी ६ ठेवली. ७ वर डीबगचा इतका पाचोळा येतो की कामाची ओळ सापडत नाही.

तरी फाइल रिकामीच. सिसलॉग बहुधा यूडीपीवर, ५१४ क्रमांकाच्या पोर्टवर चालतो, आणि यूडीपी पोचपावती मागत नाही. शिवारातून हाळी द्यावी आणि कुणी ऐकली का ते न बघता पुढे जावं, तसं. येणारी पॅकेटं दाखवणारं टीसीपीडम्प लावून पाहिलं, तर ती मशीनपर्यंत येत होती. मशीनवर नोंदी उतरवून घेणाऱ्या आरसिसलॉगच्या सेटिंगच्या फाइलमधल्या यूडीपी ऐकण्याच्या ओळी बंद होत्या. त्या उघडल्या, फायरवॉलमध्ये वाट दिली, आणि नोंदी धडाधड येऊ लागल्या.

पण वेळा चुकीच्या! काट्यावरच्या स्विचचं घड्याळ १ मार्च १९९३ दाखवत होतं. त्याच्या आत घड्याळाची बॅटरी नसते, दर वेळी चालू झाला की तो तिथूनच मोजायला लागतो. घड्याळं जुळवणारं एनटीपी आणि भारतीय वेळेचा साडेपाच तासांचा फरक, दोन्ही सगळीकडे घातलं. माझ्या मते लॉगिंगचं निम्मं काम हेच आहे. वेळ खोटी असेल तर नोंद असून नसल्यासारखी.

तिसऱ्या रात्री सापडलं. काट्याचा स्विच गप्प झाला होता, पण त्याला जोडलेल्या ऑफिसातल्या स्विचने लिहून ठेवलं होतं : १ वाजून ४२ मिनिटांनी काट्याकडचा पोर्ट डाऊन. इलेक्ट्रिकल विभागाची नोंदवही मागवली. कारखान्याच्या टर्बाइनवरून बाहेरच्या विजेवर बदल, १.४० च्या सुमारास. त्या बदलात वीज क्षणभर जायची. पुढच्या खेपेलाही तसंच जुळलं. केबिनमधला संगणक नव्या यूपीएसवर होता, म्हणून पडदा चालू राही आणि विजेची शंका कुणालाच येत नसे. स्विच मात्र एका जुन्या यूपीएसवर, ज्याची बॅटरी क्षणभरही तग धरत नव्हती.

बॅटरी बदलली. नोंदी १८० दिवस ठेवायच्या ठरवल्या. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या २०२२ च्या निर्देशांतली मुदतही तीच.

मामांनी त्या दोन ओळी, स्विचची आणि नोंदवहीतली, कागदावर मागितल्या. खाली मराठीत अर्थ लिहून दिला. तो कागद त्यांनी केबिनच्या काचेला लावला, ट्रॅक्टरवाल्यांना बाहेरून वाचता येईल असा.