मंडईच्या दारात कडक झालेला ब्रेक



पुण्याला माल घेऊन जाणाऱ्या आपल्या मंडळींना मंडई काही नवी नाही. घाऊक व्यापार आता गुलटेकडीच्या मार्केट यार्डात चालतो. पण चार पेट्या निवडक फळे असली आणि ओळखीचा गाळेवाला असला, की पाय मंडईकडेच वळतात. १८८६ साली उभी राहिलेली ही दगडी वास्तू, मधोमध उंच मनोरा आणि आत उंच ओट्यांवर बसलेले भाजीवाले. गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावावरून पूर्वी तिला रे मार्केट म्हणत. नगरपालिकेचे सभासद असताना जोतीराव फुल्यांनी या बांधकामाच्या खर्चाला विरोध केला होता. तो पैसा शिक्षणाकडे जावा, असे त्यांचे म्हणणे. पुढे याच वास्तूला त्यांचे नाव मिळाले. २०२४ पासून तर जमिनीखालून मेट्रोही येते.

गेल्या फाल्गुनात मी आणि माझा मेहुणा अंजिराच्या पेट्या घेऊन तिथे गेलो. त्याचे गाव पुरंदर तालुक्यात. अंजीर नाजूक फळ. पहाटे तोडलेले त्याच दिवशी विकावे लागते. मेहुण्याने नुकतीच विजेवर चालणारी मोटार घेतली आहे. रात्रभर चार्ज करून आम्ही पहाटे निघालो. दिवे घाट उतरताना तो म्हणाला, "दाजी, ब्रेक जरा जड लागतोय." मी म्हणालो, "नवी गाडी आहे, सवय होईल." खरे सांगतो, ही माझी चूक झाली.

मंडईच्या गल्लीत एक हमाल डोक्यावर टोपली घेऊन समोरून आडवा गेला. मेहुण्याने ब्रेक दाबला, तर पेडल दगडासारखे! त्याने सीटला पाठ टेकून सगळा जोर लावला, तेव्हा गाडी टोपलीपासून हातभर अंतरावर थांबली. हमालाने दोन शब्द सुनावले, ते आम्ही मुकाट्याने ऐकले.

पेट्या गाळ्यावर उतरवल्या. मेहुण्याला घरी जायची घाई होती, पण मी किल्ली काढून घेतली. मोटारींच्या सुट्या भागांची नाना पेठ तिथून जवळच. गाळेवाल्याने तिथल्या एका मिस्त्रीला फोन करून बोलावले.

मिस्त्रीने आधी कशालाच हात लावला नाही. बंद गाडीतच पेडल पाच-सहा वेळा दाबून कडक केले. मग पाय तसाच ठेवून गाडी चालू करायला सांगितली. निरोगी गाडीत अशा वेळी पेडल पायाखाली थोडे खचते. आमचे हलले नाही. बॉनेटखाली मात्र एक छोटा पंप सारखा घरघरत होता. मेहुणा म्हणाला, "ही घरघर चार दिवस झाले ऐकतोय."

यातले मर्म दूध काढण्याचे मशीन वापरणाऱ्यांना लगेच कळेल. तिथे पंप हवा ओढतो, त्या ओढीवर कप सडाला धरून राहतात. नळी चिरली की कप गळून पडतात. मोटारीतही पायाच्या जोराला अशाच ओढीची मदत असते. पेट्रोलच्या गाडीत ती इंजिनाकडून मिळते. विजेच्या गाडीला इंजिनच नाही, म्हणून तिथे वेगळा विजेचा पंप बसवतात. ओढ धरून ठेवायला विहिरीवरच्या फूट व्हॉल्व्हसारखा एकाच बाजूने उघडणारा व्हॉल्व्ह असतो.

पंप गप्प असेल, तर दोष फ्यूज, रिले, वायर किंवा पंपाच्या मोटारीत. पंप थांबतच नसेल, तर कुठेतरी हवा गळते. पंप वेळेवर थांबूनही पेडल कडक असेल, तर व्हॉल्व्ह, बूस्टर किंवा चाकाजवळचा अडकलेला भाग तपासावा. आमची नळी उंदराने कुरतडलेली निघाली. गाडी उभी राहायची कडब्याच्या गंजीला लागून!

मेहुणा म्हणाला, "ठिबकची नळी लावू, नाहीतर टेप गुंडाळू." मिस्त्री हसला. पंपाच्या सक्शनला मऊ पाइप लावला तर तो चिपकतो, तसेच इथेही होते. त्याने ब्रेकसाठीचीच जाड नळी आणि नव्या क्लिपा बसवल्या. पुन्हा तीच परीक्षा घेतली. पेडल खचले, पंप थोडा वाजून थांबला. मगच पैसे घेतले.

दिवे घाटातली गोष्टही त्याने उलगडली. विजेची गाडी उतारावर मोटारीच्या साहाय्याने वेग धरते आणि ती वीज बॅटरीत भरते. बॅटरी आधीच पूर्ण भरलेली असली, तर ही मदत फार कमी मिळते आणि सारा भार ब्रेकवर येतो. घाट उतरायचा असेल, तर आदल्या रात्री चार्जिंग थोडे कमी ठेवावे. शिवाय मोटारच वेग धरत असल्याने चाकाचे ब्रेक कमी वापरले जातात, गंजतात, अडकतात. वर्षातून एकदा ते साफ करून घ्यावेत.

मंडळी, पेडल कडक झाले म्हणजे ब्रेक गेला असे नव्हे, मदत गेली. चालत्या गाडीत असे झाले, तर पेडल वारंवार दाबू नका. उरलीसुरली ओढही त्यात संपते. एकदाच पूर्ण जोराने दाबून धरा, गाडी कडेला घ्या आणि तिथेच थांबवा. फ्यूज उडाला असेल, तर तेवढ्याच क्षमतेचा बसवा. पुन्हा उडाला तर मिस्त्रीला दाखवा. नारिंगी वायरींना हात लावू नका, त्यात जिवावर बेतणारा दाब असतो. काही नव्या गाड्यांत हवेच्या ओढीऐवजी विजेचाच बूस्टर असतो. त्यांचे काम कंपनीच्या कारागिरावर सोडा.

बैल चालताना लंगडला, तर आपण त्याला गाडीला जुंपत नाही. आधी खूर पाहतो. गाडी चार दिवस घरघरत होती, ते मात्र आम्ही ऐकून सोडून दिले. परतताना मेहुण्याने दिवे घाट सावकाश चढवला आणि घरी पोचताच पहिले काम केले ते गंजीजवळची गाडी हलवण्याचे. तुमचीही तिथेच उभी असेल, तर आजच हलवा.