वाहनांचें गोत्र

कोणी नाणीं जमवितो, कोणी टपालाचीं तिकिटें. मी वाहनांच्या पाट्यांची टिपणवही ठेवितों. पाटी म्हणजे वाहनाचें गोत्रच. एमएच २७ अमरावती, २८ बुलढाणा, २९ यवतमाळ, ३८ हिंगोली ही उजळणी माझ्या नातवंडांस मुखोद्गत आहे. पांढऱ्या पाटीवर काळीं अक्षरें असल्यास वाहन खासगी, पिवळ्या पाटीवर असल्यास भाड्याचें, हेंही तीं जाणतात.

ही एमएच पद्धति १९८९ सालीं आली. वाशीम तेव्हां अकोला जिल्ह्यांत. म्हणून आमचीं वाहनेंही अकोल्याचा ३० हाच आंकडा मिरवीत. १ जुलै १९९८ रोजीं जिल्हा निराळा झाला व पुढें ३७ हा आंकडा लाभला. वाकाटकांच्या राजधानीस, प्राचीन वत्सगुल्मास, पाटीवर स्वतःची खूण मिळण्यास इतका काळ लागला!

२०२१ पासून 'बीएच' ही भारतश्रेणी निघाली आहे. परराज्यांत वारंवार बदली होणाऱ्या नोकरदारांची पुनर्नोंदणी तिनें टळली, सोय मोठीच. परंतु गेल्या दिवाळींत धाकट्या चिरंजिवांची तसली गाडी दारांत आली, तेव्हां पाटीवर नोंदणीचें वर्ष होतें, गांव नव्हतें. नातीनें विचारलें, "आजोबा, काकांची गाडी कुठली हो?" मी वहींत त्या आंकड्यापुढें 'वाशीम' असें लिहून तिला दाखविलें. पाटी जें सांगेनाशी झाली, तें ज्या त्या घरानेंच मुलांस सांगितलें पाहिजे.