सुगी आटोपू द्या

रविवारची मिस्सा संपली की आमच्या पडवीत माणसांची वर्दळ असते. कुणाला दाखला हवा असतो, कुणाला स्नानसंस्काराची तारीख. गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस एक कुटुंब मात्र सर्व जण निघून जाईपर्यंत बाकावर बसून राहिले. तरुण आईबाप, आजी आणि आईच्या कडेवर दीड वर्षाची पोर.

डहाणू-तलासरी पट्ट्यातील आमच्या या लहानशा धर्मग्रामात बहुतेक कुटुंबे वारली आहेत. मंगळवारी अंगणवाडीत लहान मुलांची सिकलसेलची तपासणी होणार होती. आजी म्हणाल्या, "फादर, पोर हसते, खेळते, भाकर खाते. मग बोट टोचायचे कशाला? काही निघाले तर उद्या हिच्या सोयरिकीत आडवे येईल." आई काहीच बोलली नाही. तिने पोरीचा हात पदराखाली घेतला.

आम्ही लगेच उत्तर देऊ शकलो नाही. पुष्कळ वर्षांपूर्वी दुसऱ्या एका धर्मग्रामात एका बापाने आम्हांला हेच विचारले होते. सेमिनरीत आम्ही तत्त्वज्ञान आणि ईशज्ञान शिकलो होतो. रक्ताविषयी काही ठाऊक नव्हते. "सुगी आटोपू द्या, मग पाहू," असे आम्ही सहज म्हणून गेलो. सुगी आटोपण्यापूर्वीच तो मुलगा दोन दिवसांच्या तापाने गेला. त्याला हाच आजार होता की नाही, हे कधीच कळले नाही. दफनविधी आम्हीच केला. बापाने आम्हांला दोष दिला नाही, आणि तेच आम्हांला अधिक जड गेले.

त्यानंतर आम्ही डॉक्टरांना विचारून विचारून समजून घेतले. या आजारात रक्तातील तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक वाहिन्यांत अडकतात. जन्मानंतर पहिले काही महिने गर्भातले रक्तद्रव्य बाळाचे रक्षण करते, म्हणून मूल धडधाकट दिसते. पुढे प्लीहा निकामी होऊ लागते, आणि साधा वाटणारा ताप जिवावर बेततो. अशा लहान मुलांना रोज पेनिसिलिन दिल्यास घातक जंतुसंसर्ग पुष्कळच टळतो, हे १९८६ साली अमेरिकेतील एका अभ्यासाने दाखवून दिले. परंतु औषध देण्यासाठी आजार आधी कळावा लागतो. १ जुलै २०२३ रोजी राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले, ते याचसाठी.

हे सारे आम्ही सांगितले. आजी शांतपणे ऐकत होत्या. मग हळूच म्हणाल्या, "पण फादर, दोष कुणाचा निघेल? हिच्या माहेरचा की आमचा?"

आईने मान खाली घातली. तेव्हा आम्हांला उमगले की, या घरात सुईचे भय फारसे नव्हतेच. जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनीही प्रभूला असाच प्रश्न केला होता, पाप याचे की याच्या आईबापांचे? प्रभूने दोन्ही नाकारले. आम्ही म्हणालो, "आजी, नाकडोळे जसे वडीलधाऱ्यांकडून येतात, तसेच हे. त्यात कुणाचा अपराध नाही. एकाच पालकाकडून आले तर मूल केवळ वाहक असते, आजारी नसते. दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक खेपेस चारांत एक मूल आजारी निपजण्याची शक्यता. सोयरिकीच्या वेळी हे ठाऊक असलेलेच बरे. निर्णय तुमचा, पण 'मग पाहू' असे आम्ही पुन्हा कुणाला सांगणार नाही."

मंगळवारी बाप पोरीला घेऊन गेला. बोटाच्या थेंबात दोष दिसला. तेवढ्यावरून आजारी की वाहक हे ठरत नाही, म्हणून नमुना पुढे पाठविला गेला. ते वाट पाहण्याचे दिवस त्या घराला फार कठीण गेले. आम्हीही रोज मिस्सात त्यांची आठवण केली. अखेर उत्तर आले : पोर वाहक आहे, आजारी नाही. पुढच्याच आठवड्यात आईबाप आपली तपासणी करून आले. आजींनीच त्यांना धाडले होते.

दर वर्षी २ नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, आम्ही त्या मुलाचे नाव मिस्सात घेतो. यंदाही घेतले. पहिल्या बाकावर आजी बसल्या होत्या, आणि पोर त्यांच्या मांडीवर झोपली होती.