वाहून आलेल्यांचं गाव

फ्लोरिडातल्या की वेस्ट बेटाच्या किनाऱ्यावरची वाळू विकतची आहे. बेटाबाहेर समुद्रात प्रवाळाची लांबलचक रांग आहे, ती लाटांचा जोर मोडते. त्यामुळे वाळू आपसूक साचत नाही, आणून टाकावी लागते. गुहागरचा किनारा पाहिलेल्या माणसाला याचं हसू येतं. पिण्याचं पाणीसुद्धा फ्लोरिडाच्या मुख्य भूमीवरून नळाने येतं. क्युबा इथून 90 मैलांवर, मायामी त्याहून लांब. स्वतःचं म्हणावं असं या बेटाकडे फारसं काही नाही आणि गावाचा स्वभाव त्यातूनच घडला असावा, असं मला वाटतं.

याच प्रवाळाने गावाला पहिल्यांदा पोसलं. एकोणिसाव्या शतकात जहाजं या खडकांवर आपटत. हाकाटी झाली की गावातल्या होड्या सुटत. जो कप्तान आधी पोचेल त्याच्या हाती बचावाची सूत्रं. आधी माणसं काढायची, मग माल. त्या मालातला कुणाचा वाटा किती, हे ठरवायला 1828 पासून गावात न्यायालय होतं. दुसऱ्याच्या आपत्तीवर इतकं कायदेशीर पोट भरणारं गाव माझ्या तरी ऐकण्यात नाही. पुढे दीपगृहं वाढली, धंदा बसला. क्युबातून परागंदा झालेल्यांनी इथे सिगार वळले. तेही काम टॅम्पाकडे गेलं. 1912 मध्ये समुद्रावरून रेल्वे आली, ती 1935 च्या वादळाने मोडली. त्याच्या आदल्या वर्षीच नगरपालिकेचं दिवाळं वाजलं होतं. 1974 मध्ये नौदलाने पाणबुड्यांचा तळ बंद केला आणि ड्युवल स्ट्रीट या गावातल्या मुख्य रस्त्यावरच्या कित्येक दुकानांना फळ्या ठोकल्या गेल्या.

त्या पडत्या काळात इथली जुनी लाकडी घरं मातीमोल भावात मिळत होती. ती घेणाऱ्यांत उत्तरेकडच्या शहरांतून आलेले समलिंगी पुरुष बरेच होते. त्यांनी वाळवी लागलेले खांब बदलले, व्हरांड्यांच्या नक्षीदार पट्ट्या पुन्हा बसवल्या, घरांची गेस्टहाउसं केली. आज प्रवासी ज्या घरांसमोर उभं राहून फोटो काढतात, त्यांतली पुष्कळशी अशी वाचलेली आहेत.

आम्ही उतरलो होतो तेही असंच एक घर. आम्ही म्हणजे मी, माझा भाचा आणि त्याचा नवरा. काउंटरवरच्या बाईंनी नावं लिहून घेतली, सायकली हव्यात का विचारलं आणि दोघांच्या हातात एका खोलीची किल्ली ठेवली. वर मान करूनही पाहिलं नाही. पुण्यात भाड्याने जागा शोधताना हीच दोघं मावसभाऊ झाली होती. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या 377 कलमाचा निकाल 2018 मध्ये लागला, पण घरमालकापर्यंत निकाल पोचायला वेळ लागतो. माझी बहीणही शेजारणींना जावयाची ओळख अजून ‘त्याचा रूममेट’ अशीच करून देते.

रात्री व्हरांड्यात बसलो असताना मी म्हटलं, या गावाने तुम्हा लोकांना सामावून घेतलं ते काही मन मोठं म्हणून नाही. खडकावर जे येईल ते पदरात घ्यायची जुनी सवय, दुसरं काय! भाचा उसळला. “मावशी, तू सगळं पैशातच मोजतेस. आधी येऊन मार कोणी खाल्ला?” त्याचंही खरं होतं. नाटककार टेनेसी विल्यम्स यांनी 1949 मध्ये इथे घर घेतलं. तीस वर्षं गावात काढलेल्या या म्हाताऱ्याला 1979 मध्ये ड्युवल स्ट्रीटवर पोरांनी मारलं. आणि नंतर चारच वर्षांनी याच गावाने रिचर्ड हेमन यांना महापौर म्हणून निवडून दिलं. स्वतःचं कलादालन चालवणारा, समलिंगी असल्याचं न लपवणारा माणूस! अमेरिकेत असे महापौर तेव्हा जवळपास नव्हतेच. चार वर्षांत गावाचं मन बदललं, असं मी मानत नाही. छपरं दुरुस्त झाली होती, गल्ले भरत होते आणि मार खाऊनही ही माणसं गाव सोडून गेली नव्हती. शेवटचा मुद्दा भाच्याचा. तो मी नंतर मान्य केला.

सकाळी हिग्स बीचवर गेलो. व्हाइट स्ट्रीटच्या धक्क्यापाशी पायाखाली काळ्या ग्रॅनाइटच्या लाद्या आहेत. एड्सने गेलेल्यांची हजाराहून जास्त नावं त्यांवर कोरलेली. 1997 मध्ये हे स्मारक झालं. हेमनही 1994 मध्ये त्याच रोगाने गेले. नावं वाचायची तर वाकावंच लागतं आणि वाकलं की गरम दगडाची धग तोंडावर येते. जावई बराच वेळ उकिडवा बसून वाचत होता. ओळखीचं कोणी असण्याचा प्रश्नच नव्हता, त्याचा जन्मच नंतरचा.

तिथून हाकेच्या अंतरावर एक दफनभूमी आहे. 1860 मध्ये अमेरिकी नौदलाने गुलामांची तीन जहाजं पकडून इथे आणली. त्यांतल्या 1,432 आफ्रिकी माणसांसाठी निवारे उभारले गेले, गावाने कपडे दिले. तरीही 295 जण दगावले आणि या वाळूत पुरले गेले. उरलेल्यांना लायबेरियाला पाठवलं. कित्येक वाटेतच गेले. कपडे देणाऱ्या या गावात तेव्हा गुलाम बाळगले जात होते, हेही सांगायला हवं. पुढे थडगी विसरली गेली. 2002 मध्ये जमिनीखालचं दाखवणारं रडार फिरवलं तेव्हा ती सापडली. ग्रॅनाइटवरच्यांना निदान नावं आहेत.

2000 मध्ये नगरपालिकेने ‘आपण सारे एकच मानवकुटुंब’ हे गावाचं अधिकृत ब्रीद ठरवलं. 2003 मध्ये ड्युवल स्ट्रीटवरून या समुद्रापासून त्या समुद्रापर्यंत सव्वा मैल लांबीचा इंद्रधनुषी झेंडा धरला होता. त्याच रस्त्यावरच्या चौकातले इंद्रधनुषी पट्टे मात्र 2025 मध्ये राज्य सरकारने काढून टाकले. रस्त्यावरचा रंग सरकारला खरवडता येतो. मला जास्त काळजी वाटली ती घरांच्या भावाची. मातीमोल घेतलेल्या घरांना आता लाखो डॉलर पडतात आणि हॉटेलांत चादरी बदलणाऱ्यांना बेटावर खोली परवडत नाही. दलालाच्या काचेवरचे आकडे वाचून भाचा म्हणाला, “मग ते पहिले आलेले सगळे गेले कुठे?” काही त्या लाद्यांवर आहेत. काहींनी चांगला भाव येताच घर विकलं आणि स्वस्त गावाची वाट धरली. मी त्यांना नावं ठेवणार नाही. मीही विकलंच असतं.